बारा सप्टेंबरचा चौकोन

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे आप्पांचं, माझ्या वडिलांचं, दप्तर होतं. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, सूतवाल्याचे राहिलेले पैसे, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं त्या चौकोनांत शिसपेन्सिलीनं, मुंगीच्या पायासारख्या अक्षरात. आणि त्यातच गवयांची नावं. कोण कुठल्या तारखेला जन्मला, कोण कुठल्या तारखेला गेला.

एक जानेवारीला नवं कॅलेंडर खिळ्याला लागायचं. त्याआधी आप्पा जुनं काढून जमिनीवर पसरायचे, शेजारी नवं ठेवायचे आणि मांडी घालून एकेक नाव इकडनं तिकडं उतरवून घ्यायचे. दुधाचा हिशोब जुन्या वर्षाबरोबर जायचा, गवई पुढं यायचे. १२ जानेवारीला कुमार, म्हणजे कुमार गंधर्व. १९ जानेवारीला रामभाऊ, जन्म. ८ एप्रिलला पुन्हा कुमार, जन्म. २७ ऑक्टोबरला नुसतं ‘खाँसाहेब’. कुठले खाँसाहेब, असं आमच्या घरात कुणी विचारत नसे. अब्दुल करीम खाँ.

सगळ्यांत गर्दीचा चौकोन १२ सप्टेंबरचा. तिथं तीन नावं. दोन सरळ ओळीत, आणि तिसरं जागा उरली नाही म्हणून कडेला उभं लिहिलेलं, मान तिरकी करून वाचावं लागे असं.

पहिलं नाव ‘रामभाऊ’. म्हणजे सवाई गंधर्व, रामचंद्र कुंदगोळकर. ते गेले १२ सप्टेंबर १९५२ ला, पुण्यात. आप्पांनी त्यांना कधी प्रत्यक्ष ऐकलं नाही. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच पक्षाघातानं रामभाऊंचं गाणं थांबवलं होतं, आणि आप्पा तेव्हा लंगोटीत होते. आप्पांच्या वाट्याला आल्या त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या, त्याही रेडिओवरनं. तरी हे नाव पहिलं. कारण आप्पांच्या हिशोबात आमच्या या पट्ट्यातलं अर्धं गाणं त्या एका माणसाच्या गळ्यातनं पुढं गेलं.

ते खोटंही नाही. कुंदगोळ हे हुबळीजवळचं लहान गाव. तिथल्या नाडगीरांच्या वाड्यात रामभाऊंचे वडील कारकून. त्या वाड्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांचं जाणं-येणं, आणि तिथंच हा मुलगा खाँसाहेबांच्या हाताखाली आला. त्याचा आवाज जात्या गोड नव्हता. तो घासून, तापवून वळवावा लागला. पुढं हाच मुलगा मराठी संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करून गाजला आणि ‘सवाई गंधर्व’ झाला. घरात कन्नड बोलणारा माणूस विदर्भापर्यंतच्या मराठी प्रेक्षकांना रात्र-रात्र बसवून ठेवत होता. मग नाटक सुटलं आणि कुंदगोळला शिकवणं सुरू झालं. तिथं हुबळीहून गंगूबाई हनगल आगगाडीनं जायच्या, धडा घ्यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायच्या. तिथंच गदगकडचा एक मुलगा गुरूच्या घरचं पाणी भरत तोडी, मुलतानी, पूरिया घोटत होता. अकराव्या वर्षी तो गाण्यापायी घर सोडून पळाला होता, विनातिकीट गाड्या बदलत ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकून आला होता. हे भीमसेन जोशी.

आप्पा माग चालवणारे. आमच्या घरी पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम होते, मागं स्वयंपाकघर, आणि मधल्या बोळात आम्ही. किराणा घराण्याचं, म्हणजे खाँसाहेब-रामभाऊंचं, गाणं काय असतं, हे त्यांनी मला ताण्यावर, मागावरच्या उभ्या दोऱ्यांवर, हात ठेवून सांगितलं होतं. “हे बघ, हजारभर दोरे हायत. एकपण सैल पडून चालत न्हाई. रामभाऊंचं तसं. एक सूर लावला, त्याला ताण दिला, तो बसला की मगच दुसरा. विणायची घाई न्हाई.” मी दोऱ्यावरनं बोट फिरवलं की ते रागवायचे, बोटाचं तेल सुताला लागतं म्हणून.

पुण्यात १९५३ पासून रामभाऊंच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला, भीमसेनजींनी तो आयुष्यभर वाहिला. पुढं तो डिसेंबरात गेला, आणि आता सवाई म्हटलं की लोकांना थंडी, शाल आणि मोठा मांडव आठवतो. मला मात्र पाऊस आठवतो. आमच्या पत्र्यावर वाजणारा सप्टेंबरचा पाऊस आणि ओलसर भिंतीवर फुगलेलं कॅलेंडर. तारीख तीच खरी आहे, असं मला आजही वाटतं.

दुसरं नाव ‘जयकिशन’, आणि ते आप्पांचं नव्हे. ते आईचं.

आई लग्न होऊन आली १९७० मध्ये. तिला बडा ख्याल म्हणजे पाहुणा आला आणि उठायचं नाव घेईना, असं वाटायचं. तिचं गाणं म्हणजे रेडिओ सिलोन, विविध भारती आणि दुपारी कांड्या भरताना सांगली केंद्र. १२ सप्टेंबर १९७१, रविवार, शंकर-जयकिशनमधला जयकिशन गेला. वय एक्केचाळीस. त्याच वर्षीचं त्याचं ‘जिंदगी इक सफर है सुहाना’ रेडिओवर रोज वाजत होतं आणि वर्षाअखेरी बिनाका गीतमालेत पहिलं आलं. आई सांगायची, गाणं चालू आहे आणि माणूस नाही हे तिला पहिल्यांदा तेव्हा कळलं. तिच्या माहेरीही कोणी गेलं नव्हतं तोवर. ती कॅलेंडरपाशी गेली आणि आप्पांना म्हणाली, “ह्याचं पण नाव लिवा की. नुसतं तुमचेच किती लिवतायसा?”

आप्पांनी लिहिलं. नव्या नवरीचं मन राखायला लिहिलं असं मी धरून चाललो होतो. पण त्यांनी कारण वेगळं सांगितलं. १९५६ मध्ये ‘बसंत बहार’ सिनेमा आला, संगीत शंकर-जयकिशन यांचं, आणि त्यात मन्ना डे यांच्यासमोर गायला त्यांनी भीमसेनजींना बोलावलं. पडद्यावरच्या जुगलबंदीत नायकाला जिंकायचं होतं आणि नायकाचा आवाज मन्ना डे यांचा. या गाण्याची आपल्याला धास्ती वाटली होती, हे मन्ना डे यांनीच पुढं सांगितलं. हरणारा आवाज कुंदगोळात तयार झालेला. सिनेमाची गोष्टही त. रा. सुब्बराव यांच्या ‘हंसगीते’ या कन्नड कादंबरीवरची. आप्पांचं म्हणणं, ज्या माणसाच्या गाण्यात रामभाऊंचा शिष्य बसंत गायला, त्याला रामभाऊंच्या चौकोनात जागा द्यायला हरकत काय?

तिसरं नाव मल्लिकार्जुन मन्सूर. शनिवार, १२ सप्टेंबर १९९२.

त्या वर्षी जानेवारीत कुमारजी गेले होते, देवासला. ते आमच्या सुळेभावीचे. बेळगावहून मिरजेकडं जाताना सुळेभावी स्टेशन लागतं, आणि गाडी तिथं थांबो न थांबो, आप्पा खिडकीतनं हात जोडायचे. तो धक्का पुरता जिरायच्या आत आठ महिन्यांनी धारवाडहून ही बातमी. मी कॉलेजला होतो. आप्पांनी दोन्ही माग बंद केले. कामगार कापडाच्या वारावर पैसे घेणारे, माग बंद म्हणजे त्यांची मजुरी बुडते, म्हणून आप्पा कधी कुणाच्या मर्तिकालाही दोन तासांवर माग थांबवत नसत. त्या दिवशी अर्धा दिवस थांबवले आणि मजुरी खिशातनं दिली. मग पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी उभे राहिले. जागा नव्हती. बराच वेळ ते नुसते बघत राहिले, मग कडेला उभं लिहिलं. ‘मन्सूर’ लिहिताना रेफेसारखी एक वाकडी रेघ आली आहे, पाणी पडून पान फुगलं होतं म्हणून. ते पान माझ्याकडं आहे.

मन्सूर आप्पांनी किती ऐकले याला मोजदाद नाही. धारवाडला, हुबळीला, मिरजेला दर्ग्याच्या उरुसात, आमच्या गावात. पांढरं धोतर, टोपी, काटकुळा देह. बसले की स्वर लागायचा आणि राग पहिल्या क्षणी समोर उभा. ओळख करून देणं नाही, दाराशी घुटमळणं नाही. शुद्ध नट, खट, बिहारी, लाच्छासाख, शिवमत भैरव, इतरांनी जपून ठेवलेले राग हा माणूस रोजच्या भाकरीसारखे वाढायचा. आणि त्यांची तान. ती सरळ चढत-उतरत नाही. पुढं जाते, मागं वळते, स्वतःच्याच खालनं निघते, आणि आता ही समेवर यायची नाही असं वाटत असतानाच समेवर उतरते. आप्पा म्हणायचे, “रामभाऊ ताणा, मन्सूर धोटा.” धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारा मागातला तुकडा, इकडनं सुटला की तिकडं पोचणारच, मधे दिसत नाही एवढंच.

आता या माणसाचा प्रवास बघा. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा, घरात कन्नड, भाऊ नाटक कंपनीत, सुरुवातीचं शिक्षण कर्नाटक संगीताचं. बागलकोटला नाटकात गाताना नीळकंठबुवांनी ऐकलं आणि मिरजेला नेलं, तिथं ग्वाल्हेर घराण्याची तालीम. मग मुंबईत मंजीखाँ, जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव. ते १९३७ मध्ये गेले. मग त्यांचे बंधू भूर्जीखाँ, कोल्हापूरचे. म्हणजे जयपूर-अत्रौलीची गायकी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आली आणि तिथनं धारवाडला गेली. ती सांभाळली एका लिंगायत घरातल्या माणसानं, जो मैफलीच्या शेवटी बसवण्णांची, अक्कमहादेवींची वचनं गायचा. वचनं चालू झाली की आप्पांना अर्थ पुरता लागत नसे. म्हणून त्यांनी पन्नाशीत कन्नड अक्षरं गिरवली. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या विणकरानं शिकवली, पाटीवर. मन्सूरांचं ‘नन्न रसयात्रे’ हे आत्मचरित्र त्यांना मुळातनं वाचायचं होतं. सहा महिने लागले, पण वाचलं.

हे बेळगावात लिहितोय म्हणून थोडं थांबून सांगितलं पाहिजे. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढताना १९५६ च्या जानेवारीत इथं माणसं गोळीबारात गेली. दर १७ जानेवारीला आप्पा हुतात्मा चौकात जाऊन उभे राहायचे. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावायचे. आमच्या घरातल्या मराठीबद्दल, शाळेबद्दल, पाट्यांबद्दल त्यांना जे वाटायचं ते खरं होतं आणि आजही माझ्यात आहे. त्याच जानेवारीत, दोनच दिवसांनी, १९ तारखेला ते रामभाऊंच्या नावानं उदबत्ती लावायचे. या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण आहे असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांना ते समजलंच नसतं. काँग्रेस विहिरीजवळनं सायकलनं जाताना ते मला दर वेळी दाखवायचे, इथं १९२४ च्या अधिवेशनात गांधींच्या पुढं अकरा वर्षांची गंगूबाई स्वागतगीत गायली होती. कुठल्या भाषेत, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

गाणं आमच्याकडं ना बंगळूरहून आलं ना मुंबईहून. ते रेल्वेनं आलं. मिरज, कुडची, घटप्रभा, सुळेभावी, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी, कुंदगोळ. तेव्हा आमची लाइन मीटर गेज होती, गाडी हळू. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मिरजेतच त्यांची कबर आहे. तंबोरे मिरजेचे. शिष्य धारवाडकडचे. दोन्ही टोकांना गाणं आणि मधे आम्ही, रूळ थरथरला की उंबऱ्यावर येऊन उभे राहणारे.

आप्पा गेल्यावर कॅलेंडर मी लिहितो. माझ्या हातानं त्या चौकोनात आणखी दोन नावं आली. एक झाँ-फिलीप रामो, पॅरिसमध्ये १२ सप्टेंबर १७६४ ला गेलेला फ्रेंच संगीतकार. अनेक सूर एकाच वेळी लावले तर ते एकमेकांशी कसे नांदतात, यावर त्यानं १७२२ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याकडं सूर एकामागून एक येतात, त्याच्याकडं एकत्र बसतात. दुसरा जॉनी कॅश, १२ सप्टेंबर २००३, अमेरिकेतला गायक. त्यानं १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर गायलं आणि त्याची तबकडी निघाली. टाळ्या, आरोळ्या, मधेच लाउडस्पीकरवरची सूचना, सगळं तबकडीत आहे. हिंडलग्याच्या तुरुंगावरनं बस जाते तेव्हा मला हटकून त्याची आठवण होते. त्याचं नाव मी लिहिलं ते या आवाजांसाठी. कारण आमच्याकडंही तसं एक ध्वनिमुद्रण आहे.

ती साठ मिनिटांची कॅसेट. १९८८ च्या पावसाळ्यात धारवाड केंद्रावर संध्याकाळी मन्सूरांचं गाणं लागलं होतं. आमच्याकडं सेलवरचा ट्रान्झिस्टर आणि एक लहान टेपरेकॉर्डर, अंगातच माइक असलेला. दोन्ही समोरासमोर ठेवून आप्पांनी ते उतरवलं. पहिल्या बाजूला शुद्ध नट, दुसऱ्या बाजूला बिहागडा. रेकॉर्डरचे सेल उतरत आले होते, त्यामुळं मोटर हळू चालली, आणि नंतर चांगल्या सेलवर लावलं की आवाज अर्ध्या सुरानं चढलेला ऐकू यायचा. आप्पा पेटीवर बोट ठेवून म्हणायचे, हे मन्सूर न्हवं, मन्सूर हितं खाली हाय, आणि ऐकताना मनात सूर उतरवून घ्यायचे. पुसलं जाऊ नये म्हणून त्यांनी कॅसेटच्या डोक्यावरच्या दोन्ही खुंट्या मोडून ठेवल्या होत्या.

१२ सप्टेंबर १९९३, रविवार. मन्सूरांचं पहिलं वर्ष. आप्पा बाजाराला गेले होते. रेडिओवर जयकिशनची गाणी लागली, त्याचाही तोच दिवस. आई स्वयंपाकघरातनं ओरडली, “अरे, टेप कर की रे, मला कोण टेप करून देतंय?” हाताला आली ती कॅसेट मी घेतली. खुंट्या मोडलेल्या दिसल्या, तर भोकावर सेलोटेप चिकटवला. नाव वाचलं नाही. अर्धा तास आईची गाणी उतरवली.

संध्याकाळी आप्पा अंघोळ करून, पाट मांडून बसले आणि कॅसेट लावली. सुरुवातीचे काही क्षण जुने राहिले होते, धारवाडच्या निवेदिकेचं कन्नड, तंबोरा, मन्सूरांनी षड्ज लावला, नटाची पहिली ओळ अर्धी आली, आणि खट् असा आवाज होऊन पियानो अकॉर्डियन सुरू झाला. आई दारात उभी होती. मी भिंतीला टेकून. आप्पांनी टेप बंद केला नाही. सगळी गाणी शेवटपर्यंत ऐकली, अर्धा तास, मांडी न मोडता. मग कॅसेट काढून पेन्सिलीनं सैल फीत आवळली.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “बारा तारखेचंच हाय न्हवं सगळं.”

तो शुद्ध नट परत कुठं मिळाला नाही. मन्सूरांचे दुसरे शुद्ध नट आहेत, उत्तम आहेत, मोबाइलवर बोट लावलं की येतात. पण त्या संध्याकाळचा गेला तो गेला, आणि तो माझ्या हातानं गेला. धारवाडला त्यांच्या ‘मृत्युंजय’ या घरात आता स्मारक आहे. तिथं त्यांच्या तंबोऱ्यापुढं मी उभा राहिलो तेव्हा मला हेच सांगायचं होतं.

दुसरी बाजू शाबूत आहे. ती ऐकताना पहिल्यांदा येतात ते माग. आमचे दोन, शेजारचे चार, खटाखट, खटाखट, आणि त्याच्या तळाशी कुठं तरी बिहागडा. गाणं बरंचसं अंदाजानं ऐकावं लागतं, तान तर धोट्याच्या दणक्यात बुडूनच जाते. मधेच पाऊस पत्र्यावर येतो. आणि मग, साधारण अठराव्या मिनिटाला, लाइट जाते.

सगळे माग एकदम थांबतात. रेडिओ सेलवर, रेकॉर्डर सेलवर, ते दोघंच चालू. अख्ख्या वडगावात फक्त पाऊस आणि मन्सूर. ते अंतऱ्याच्या वर कुठं तरी आहेत, एकाच निषादापाशी, त्याच्याभोवती फिरतायत, खाली यायला तयार नाहीत. अर्ध्या सुरानं चढलेला तो आवाज, पण एवढा जवळ की श्वास घेतलेला कळतो. आईचं बोलणं येतं, “लाइट गेली काय ओ? मी वर जाऊन कपडे काढून येतो,” आणि जिन्यावरची तिची पावलं. आप्पांचा आवाज कुठंच नाही. ते रेकॉर्डरच्या शेजारीच बसले होते, हे मला माहीत आहे.

मग लाइट येते. आधी शेजारचा एक माग, पाठोपाठ आमचे. फरशीवर काही तरी घासल्याचा आवाज होतो. आप्पा ट्रान्झिस्टर माइकच्या जवळ सरकवतायत.